तेरा नंबरच्या खोलीतलं मत

ग्लेनचा मेल आला तेव्हा सहीचा कागद माझ्या टेबलावर तयार होता आणि पेनही उघडून ठेवलेलं होतं. मेल तीन ओळींचा होता. डोरीनच्या मतांमध्ये बनावट मतं सापडली आहेत. ती काढून सुधारित आकडे जोडले आहेत. आज दुपारपर्यंत सही करून पाठवा.

मी पेनाला टोपण लावलं.

हा कागद काय होता ते आधी सांगते. सिंगापूरमध्ये मी ज्या कंपनीत होते, ती कंपनी दुसऱ्यांची मतदानं घेऊन द्यायची. सरकारी निवडणुका नव्हेत. कॉन्डोच्या, म्हणजे खाजगी सोसायट्यांच्या कमिट्या, कर्मचारी संघटना, क्लब, आणि वर्षातून एकदा ऑस्ट्रेलियातले टीव्ही पुरस्कार. त्यातले बरेचसे पुरस्कार परीक्षक ठरवायचे. ‘लोकप्रिय सूत्रसंचालक’ हा मात्र प्रेक्षकांच्या मतांवर होता. प्रेक्षकाने वेबसाइटवर जायचं, नाव, ईमेल आणि फोन नंबर भरायचा, पाचांपैकी एकाला निवडायचं. एका माणसाला एक मत. ती मतं आमच्या कॉम्प्युटरवर जमा व्हायची. आयोजकांनी स्वतः मोजली तर लोक शंका घेतील, म्हणून समुद्रापलीकडची त्रयस्थ कंपनी.

पडताळणी माझ्याकडे होती. पडताळणी म्हणजे दोनदा आलेली, खोट्या पत्त्यांची, मशीनने भरलेली मतं शोधायची, प्रत्येकासमोर कारण लिहून ती बाजूला काढायची आणि शेवटी प्रमाणपत्रावर सही करायची. त्या प्रमाणपत्रात एक वाक्य असतं: ‘सर्व उमेदवारांच्या मतांना एकच कसोटी लावली आहे.’ त्याच्या खाली माझं नाव. कंपनीचं नाही, माझं.

त्या वर्षी पाच उमेदवार होते, पण बोलणं दोघांचंच चालू होतं. एक टायलर, रात्रीच्या मोठ्या रिॲलिटी शोचा तरुण सूत्रसंचालक. ज्या चॅनेलवर पुरस्कार सोहळा दाखवणार होते, त्याच चॅनेलचा. दुसरी डोरीन, साठी ओलांडलेली, दुपारी बागकामाचा कार्यक्रम करणारी. कॅमेऱ्यासमोर गुडघ्यावर बसून हातमोजे न घालता माती चिवडायची. मतदान संपलं तेव्हा डोरीन थोड्या मतांनी पुढे होती. ग्लेनच्या सुधारित आकड्यांत टायलर पुढे होता.

ग्लेन हा आयोजकांचा माणूस. मेलबर्नला बसायचा. आमच्याशी सगळा व्यवहार तोच करायचा.

मी अभिजितला बोलावलं. तो आमचा डेटाबेस सांभाळायचा. पुण्याचा, सिंगापूरला येऊन तीन वर्षं झालेली, एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरी आहे तोवर राहायची परवानगी. बायको आणि दोन मुली इथेच.

“ही मतं तू काढलीस?”

“हो, वृंदाताई. काल ग्लेनचा मेल आला होता. डोरीनच्या मतांमध्ये एकाच IP वरून आलेली शोधून काढून टाका, असा. मी query चालवली. सहाशेच्या आसपास निघाली.”

Query म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न. IP म्हणजे इंटरनेटच्या जोडणीचा नंबर. आपण वेबसाइट उघडली की समोरच्याला तो दिसतो, पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता दिसावा तसा. एकाच पत्त्यावरून सहाशे पाकिटं आली तर कुणीही भुवया उंचावेल.

“मला कॉपी नव्हती त्या मेलची.”

“मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. क्लायंटने सांगितलं, मी केलं.”

“मेल ठेवलायस?”

“Query च्या वरतीच चिकटवलाय. तुमचाच नियम आहे ना.”

तो माझाच नियम होता. कुठलंही काम चालवण्याआधी ते कुणी सांगितलं, ते वर चिकटवायचं. त्यावरून आमच्याकडे माझी थट्टा व्हायची.

मी सहाशे मतं पडद्यावर घेतली. मलाही ती बनावट वाटली, हे आधीच कबूल करते. ईमेल सगळे एकाच साच्याचे. नाव, मग आकडा, मग एक अक्षर. beryl.14.k, harold.15.k, joyce.16.k. कुणीतरी खुर्चीत बसून एकापुढे एक नंबर टाकत पत्ते बनवले असावेत, असंच दिसत होतं. अक्षरं अकरा होती, नंबर एकपासून साठ-सत्तरपर्यंत. हे मशीनचं काम नसेल तर एखाद्या फार शिस्तीच्या माणसाचं होतं. शिस्तीची माणसं मी ओळखते.

डेस्मंड माझ्या टेबलापाशी आला. आमचा बॉस, इथलाच, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. क्लायंटला नाही म्हणणं त्याला शारीरिक त्रासासारखं वाटायचं.

“वृंदा, ग्लेनचा कागद. सही कॅन?”

“आज कॅनॉट.”

“व्हाय लाह? सहाशे मतं, एक IP. शाळेतलं पोरही सांगेल.” ‘लाह’ हे इथल्या इंग्रजीचं शेपूट, वेगळा अर्थ काही नाही.

“प्रत्येक मत काढताना मी कारण लिहिते. ही मी काढलेली नाहीत, म्हणून कारण माझ्याकडे नाही. उद्या दुपारी बारापर्यंत वेळ दे.”

“ग्लेन चिडेल.”

“तो मेलबर्नला आहे. चिडला तरी इथे ऐकू येणार नाही.”

डेस्मंड हसला नाही. पण वेळ दिला.

आमचं ऑफिस नोव्हेनाला, हॉस्पिटलांच्या मधोमध. घर चोआ चू कांगला. मेट्रोची लाल लाईन, गाडी बदलावी लागत नाही, पण ती बेटाच्या उत्तरेला वळसा घालून जाते. बसायला जागा मिळाली की मी वही उघडते. त्या दिवशी वहीत एकच प्रश्न लिहिला: बनवायचेच असतील तर पत्त्यांत नंबर कशाला? नंबर दिसला की संशय येतो. पत्ते बनवणारा नंबर लपवील, असा मांडून ठेवणार नाही.

घरी आले तर सासूबाई टेबलावर चष्मा लावून बसल्या होत्या. त्या महिन्यात त्यांनी खालच्या कम्युनिटी क्लबमध्ये ज्येष्ठांच्या कॉम्प्युटर क्लासला नाव घातलं होतं. बारा जण, एक कॉम्प्युटर आणि शिकवायला मिसेस गो नावाच्या निवृत्त शिक्षिका.

“वृंदा, आज मला ईमेल मिळाला. हा बघ.” त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलेला पत्ता दाखवला. त्याखाली ठळक अक्षरात पासवर्डही होता.

“आई, पासवर्ड असा लिहायचा नसतो.”

“मग लक्षात कुठे ठेवू?”

माझी मुलगी ईशा मान वर न करता म्हणाली, “आजी, फोनमध्ये सेव्ह कर. सो ईझी लाह.”

“तुझं लाह तुझ्यापाशी ठेव,” सासूबाई म्हणाल्या.

मी पत्ता वाचला. sumati, मग 118, मग एक अक्षर. एकशे अठरा हा आमच्या फ्लॅटच्या नंबरातला शेवटचा भाग.

“हा नंबर का घातला?”

“मिसेस गोने सगळ्यांना तसाच करून दिला, शेवटचं अक्षर क्लबचं. म्हणाली, नाव विसराल, आकडा विसराल, पण घर विसरणार नाही. मिसेस टॅनचा तिच्या घराचा नंबर, मिस्टर राजूंचा त्यांच्या. एका दमात बारा जणांचे केले बाईने. मग प्रॅक्टिस म्हणून आम्ही सगळ्यांनी त्या गाण्याच्या स्पर्धेला मत दिलं. एकेकाने उठायचं, खुर्चीत बसायचं, मत द्यायचं, पुढचा.”

“कुणाला दिलंत?”

“तुला कशाला सांगू?”

योग्य उत्तर होतं. मी पोळ्या लाटता लाटता विचार करत राहिले. बारा माणसं, एक कॉम्प्युटर, एक IP, एका साच्याचे बारा पत्ते, एका तासात बारा मतं. अभिजितची query उद्या आमच्या सासूबाईंवर चालवली तर त्या बनावट ठरतील.

दुसऱ्या दिवशी मी सकाळी सातलाच ऑफिस गाठलं आणि रद्द केलेल्या मतांची यादी कागदावर छापून घेतली. पडद्यावर यादी नीट दिसत नाही, हे माझं मत आहे आणि मी ते बदलणार नाही. अकरा अक्षरांची अकरा पानं केली. प्रत्येक पानावर नंबर क्रमाने लावले.

नंबर क्रमाने लावल्यावर भोकं दिसली. K च्या पानावर तीन, चार, सहा होते, पाच नव्हता. आठ होता, नऊ नव्हता. बावीस, तेवीस नव्हते. मला गाळलेला नंबर सहन होत नाही. पत्ते बनवणारा माणूस पाच का गाळेल?

अभिजित आल्या आल्या त्याला विचारलं, “ही query कुणाच्या मतांवर चालवलीस?”

“डोरीनच्या.”

“फक्त?”

“ग्लेनने तेवढंच सांगितलं होतं.” मग तो थांबला. हळू आवाजात म्हणाला, “ताई, सगळ्यांवर चालवायला हवी होती ना?”

“आता चालव. हाच IP, पाचही उमेदवार.”

चार मिनिटांत उत्तर आलं. K मधल्या पाच नंबरने टायलरला मत दिलं होतं. नऊने मासेमारीचा कार्यक्रम करणाऱ्या माणसाला. बावीस आणि तेवीस दोघांनी टायलरला. ही मतं रद्द झाली नव्हती. मोजणीत ती जागच्या जागी सुखरूप होती.

म्हणजे एकाच IP वरून, एकाच साच्याच्या पत्त्यांनी मतं आली होती. डोरीनची बनावट ठरली आणि टायलरची खरी.

मी ती मतं पेन्सिलने अकरा पानांवर भरली. बहुतेक भोकं बुजली. कुठे एखादा नंबर राहिला, कारण सगळेच काही मत देत नाहीत. पण एक नंबर बहुतेक सगळ्या पानांवर रिकामाच राहिला. तेरा. अकरापैकी दहा पानांवर तेरा नव्हता.

डेस्मंड कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा कप घेऊन आला. मी पानं त्याच्यासमोर ठेवली.

“डेस्मंड, तुझ्या कॉन्डोला चौथा मजला आहे?”

“नो लाह. तीननंतर पाच. चार कोण घेणार?” चिनी लोकांना चार हा आकडा अशुभ. तेवढ्यात त्याची नजर पानांवर गेली. एक पान, दुसरं पान, तिसरं. “थर्टीन. आंग मोह थर्टीन घेत नाहीत.” आंग मोह म्हणजे गोरे.

“हे बनवलेले नंबर नाहीत. ह्या खोल्या आहेत. आणि अक्षर म्हणजे इमारत.”

त्याने पानं पुन्हा चाळली. “हॉटेल?”

“नावं बघ. बेरिल, हॅरॉल्ड, जॉयस. आजी-आजोबांच्या पिढीची. अशा नावांची माणसं हॉटेलात साठ-साठ राहत नाहीत.”

एका पानावर, H च्या, तेरा होता. norm.13.h. आमच्या नियमांत पडताळणीसाठी निवडक मतदारांना फोन करायची सोय होती. कुणाला मत दिलं ते विचारायचं नाही, फक्त मत स्वतः दिलं का ते. मी फोन लावला. डेस्मंड आणि अभिजित शेजारी उभे.

“हॅलो, नॉर्म बोलताय का? मी सिंगापूरहून बोलतेय. टीव्ही पुरस्काराच्या मतदानाची पडताळणी करतो आम्ही.”

“काही विकत असाल तर नको.”

“विकत नाही. तुम्ही मत दिलं होतंत का, एवढंच विचारायचंय. कुणाला दिलं ते सांगू नका.”

“का सांगू नको? डोरीनला दिलं.”

“ते मी ऐकलं नाही.”

“मग जोरात सांगतो. डोरीन!”

अभिजितने तोंड फिरवून हसू दाबलं.

“मत तुम्ही स्वतःच्या हाताने दिलंत?”

“मग काय पायाने? आमच्या होममध्ये कॉम्प्युटर एकच आहे. आठवड्यातून एकदा एक बाई तो शिकवायला येते. तिनेच पत्ते करून दिले. रांग होती. माझ्यापुढच्या आयरीनला माऊस सापडेना, हातातच होता. मला वाटलं माझा नंबर येईपर्यंत दुसरा पुरस्कार जाहीर होईल.”

“साडेदहा ते अकरा तुमच्याकडून एकही मत आलेलं नाही.”

“साडेदहाला चहा असतो.” हे इतकं उघड असताना मी विचारलं कसं, असा त्याचा सूर होता.

“आणि इतर होम?”

“एकाच कंपनीची आहेत सगळी, शिकवणारी बाईही तीच. इंटरनेटही त्यांच्या हेड ऑफिसातून येतं, म्हणून तर इतकं सावकाश.”

अकरा वृद्धाश्रम आणि IP एकच का, याचं उत्तर मिळालं. मला आणखी काही विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं, “दुसऱ्या होममध्ये तेरा नंबरची खोली नाही. तुमच्याकडे आहे.”

“कुणाला नको होती. खिडकी बागेकडे उघडते. मी म्हटलं, द्या इकडे.” मग तो म्हणाला, “माझं मत मोजलं का?”

मी खोटं बोलत नाही, पण त्या क्षणी खरंही सांगता येईना. “मोजणी चालू आहे.”

“मी एकोणऐंशी वर्षांचा आहे, बाई. फार वेळ लावू नका.”

फोन ठेवला.  साडेदहा वाजले होते. माझ्या हातात दीड तास होता आणि मला एक काम करायचं होतं. ग्लेनची कसोटी मला पूर्ण लावून बघायची होती. सगळ्या मतांवर, सगळ्या IP वर.

अभिजितने ती चालवली. निकाल छापून माझ्यासमोर ठेवताना त्याचे कान लाल झाले होते. एकाच IP वरून आलेल्या मतांचा सगळ्यात मोठा गठ्ठा वृद्धाश्रमांचा नव्हताच. तो टायलरच्या चॅनेलच्या ऑफिसचा होता. एका इमारतीतून, एका जोडणीवरून, कामाच्या वेळेत, जवळजवळ सगळी मतं टायलरला.

त्यातही मला गैर काही दिसलं नाही. तीही माणसंच. ज्याच्याबरोबर काम करतो त्याला मत देणार. पण ती खरी असतील तर नॉर्मही खरा होता.

पावणेबाराला ग्लेनचा फोन आला. डेस्मंडच्या केबिनमध्ये स्पीकरवर घेतला.

“सही झाली?” ग्लेनने विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “ती मतं खरी आहेत. वृद्धाश्रमांतून आलेली. मी एका मतदाराशी बोलले.”

“एकाशी? सहाशेपैकी?”

“बाकीच्यांची पानं पाठवते. खोल्यांचे नंबर आहेत.”

“हे बघा, नियमात स्पष्ट लिहिलंय. संशयास्पद मतं रद्द करण्याचा अधिकार आयोजकांना आहे.”

“आहे. वापरा. तुमच्या लेटरहेडवर लिहा, तुमची सही करा. माझ्या कागदावर नाही.”

“तुमच्या कागदाशिवाय निकाल जाहीर होत नाही.”

“म्हणूनच तर तो माझ्याकडे आहे.”

डेस्मंडने माझ्याकडे बघून हाताने ‘हळू’ अशी खूण केली. मी आवाज चढवलाच नव्हता.

ग्लेनने सूर बदलला. “डेस्मंड, query तुमच्याच माणसाने चालवली ना? चूक झाली असेल तर ती तुमच्या बाजूची. असा माणूस या कामावर राहावा का, याचा विचार करा.”

अभिजित दाराशी उभा होता. त्याचा चेहरा मला बघायचा नव्हता, म्हणून मी फोनकडे बघितलं.

“ग्लेन, त्याच्या query च्या वर तुमचा मेल चिकटवलेला आहे,” मी म्हटलं. “त्यात ‘डोरीनच्या मतांमध्ये’ असं लिहिलंय. इतर चौघांची नावं नाहीत. त्याची चूक एवढीच की त्याने तुमचं ऐकलं. तशी चूक आता होणार नाही.”



“आता दोनच रस्ते आहेत,” मी म्हटलं. “एक, जाहीर केलेल्या नियमाप्रमाणे, एका माणसाला एक मत. कॉम्प्युटर किती, हा प्रश्न त्यात नाही. त्या मोजणीवर मी आत्ता सही करते. दोन, तुमची IP ची कसोटी. मतदान संपल्यावर नवा नियम लावणं मला मान्य नाही, पण तुम्ही तो लावणारच असाल तर पाचही जणांना लावा आणि तसं जाहीर करा. तोही हिशेब करून ठेवलाय. त्यात सगळ्यात आधी एका चॅनेलच्या ऑफिसची मतं जातील. तो IP वाचून दाखवू?”

“नको,” ग्लेन म्हणाला.

“मग पहिला रस्ता?”

“डेस्मंड, तुम्ही काही बोलणार आहात का?”

डेस्मंडने खुर्ची पुढे ओढली. मला वाटलं, आता हा सॉरी म्हणणार. तो म्हणाला, “ग्लेन, माझ्या बिल्डिंगला चौथा मजला नाही. तरी तिथे राहणारा मी खराच आहे.”

ग्लेनला ते अजिबात कळलं नसावं. पण नकार त्याला कळला. “मी वर विचारतो,” म्हणून त्याने फोन ठेवला.

डेस्मंडने रुमालाने कपाळ पुसलं. “वृंदा, हे काम गेलं तर?”

“तर काम गेलं. सही माझ्याकडेच राहील.”

“तुला सोपं आहे. तू PR आहेस.” PR म्हणजे कायमची रहिवासी. नोकरी गेली तरी मला देश सोडावा लागणार नव्हता. त्याने अभिजितकडे मानेने खूण केली. “त्याचं काय?”

हे खरं होतं. अभिजितला मी म्हटलं, “तुझं नाव कुठल्याही कागदावर येणार नाही. पुन्हा चालवलेल्या query माझ्या लॉगिनने नोंदवू.”

“नको, ताई,” तो म्हणाला. “पहिली माझ्या नावावर आहे. दुसरीही माझ्याच नावावर राहू दे. नाहीतर मी फक्त चुकीचीच चालवली असं दिसेल.”

मी त्याला जास्त समजावलं नाही. मुद्दा बरोबर होता.

तीन वाजता उत्तर आलं. एक ओळ. ‘जाहीर नियमांनुसार मोजणी कायम ठेवा.’ खाली ग्लेनचं नाव नव्हतं, त्याच्या वरच्या कुणाचं तरी होतं. मी सहाशे मतं परत आत घेतली, प्रत्येकासमोरच्या रकान्यात ‘वैध, सामायिक जोडणी’ असं लिहिलं, पूर्ण आकडे पुन्हा तपासले, पेनाचं टोपण काढलं आणि सही केली.

निकाल सोहळ्याच्या दिवसापर्यंत गुप्त. घरी सासूबाईंनी रोज विचारलं आणि रोज मी सांगितलं नाही. मग एका संध्याकाळी आम्ही दोघींनी लॅपटॉपवर सोहळा पाहिला. डोरीन जिंकली. स्टेजवर येऊन तिने आपल्या निर्मातीचे आभार मानले, कुत्र्याचे मानले, आणि या आठवड्यात गुलाबांची छाटणी करून घ्या असं सांगितलं. मतं कुणी मोजली, याचा उल्लेख कुणी केला नाही. केला असता तर मला काळजी वाटली असती. आमच्या धंद्यात नाव निघतं ते गोंधळ झाल्यावर.

“ही का ती?” सासूबाई म्हणाल्या. “हिच्या नखांत माती आहे बघ. मीही हिलाच दिलं असतं.”

काम गेलं नाही. माझ्याकडचं मात्र गेलं. महिन्याभराने डेस्मंडने मला केबिनमध्ये बोलावून, टेबलाकडे बघत सांगितलं की क्लायंटला पुढच्या वर्षी वेगळा चेहरा हवाय. मी विचारलं, माझ्या चेहऱ्यात काय आहे? तो म्हणाला, “टू मच फेस लाह.” मला तुआसच्या एका कारखान्याच्या कॅन्टीन कमिटीची निवडणूक मिळाली. तिथे मतपत्रिका पाच भाषांत छापाव्या लागल्या आणि मुख्य वाद भाताच्या प्रकारावर होता. मी तीही नीट घेतली. अभिजितचा पास पुढे वाढला. त्याच्या query च्या वर आजही कुणी सांगितलं ते चिकटवलेलं असतं, आणि आता त्याखाली आणखी एक ओळ असते: ‘पाचही उमेदवारांवर चालवली.’ उमेदवार सात असले तरी तो तसंच लिहितो. मी सांगून थकले.

पुढच्या वर्षीच्या मतदानाचे नियम छापून आले तेव्हा त्याने एक प्रत माझ्या टेबलावर आणून ठेवली. सहाव्या कलमावर बोट ठेवलं. ‘एकाच ठिकाणी राहणाऱ्या अनेक व्यक्ती एकाच कॉम्प्युटरवरून आपापलं मत देऊ शकतात.’ मी ग्लेनला अकरा पानांबरोबर पाठवलेल्या मेलमधलं वाक्य होतं, शब्दही बदललेला नव्हता. खाली माझं नाव अर्थातच नव्हतं.

या सगळ्यातून शिकण्यासारखं एवढंच, की कसोटी लावताना उमेदवाराचं नाव हाताने झाकावं आणि मग लावावी. नाव उघडं ठेवूनच लावावीशी वाटत असेल, तर ती कसोटी नव्हे.

वहीत त्या वर्षीच्या यादीत एक काम उघडं राहिलं होतं: ‘नॉर्मला कळवणे, मत मोजलं.’ नियमाने मतदाराला दुसऱ्यांदा फोन करता येत नाही, म्हणून मी केला नव्हता. सहावं कलम वाचल्यावर मी वही काढली आणि त्यापुढे टिक केली. त्याच्या होममध्ये कॉम्प्युटर शिकवणारी ती बाई आहे. ती हे कलम वाचून दाखवेल आणि नॉर्मला त्याचं उत्तर मिळेल.